सैन्याची गरज कोणी ठरवावयाची?

(पक्षकार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा आपल्यापैकी काही जणांच्या मनात एक शंका आली असेल, आणि ती रास्त आहे. समाजवादी कार्यकर्त्यांच्या वर्गात रणगाडे, तोफा आणि रायफली यांची चर्चा कशासाठी? आपण नि:शस्त्रीकरणाचा पुरस्कार करणारी माणसे. संरक्षणावरचा खर्च आटोक्यात यावा आणि तो पैसा शाळा, दवाखाने आणि पाटबंधारे यांच्याकडे वळावा, ही आपली जुनी मागणी. मग शस्त्रे अधिक शहाणपणाने कशी मागवावीत, याची उठाठेव आपण का करावी?

या शंकेला माझी दोन उत्तरे आहेत. २०२५-२६ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात संरक्षणासाठी सुमारे ६ लाख ८१ हजार कोटी रुपयांची तरतूद होती, आणि त्यांपैकी १ लाख ८० हजार कोटी भांडवली खर्चासाठी, म्हणजे मुख्यतः नवी शस्त्रसामग्री घेण्यासाठी होते. हा पैसा कोणत्या वस्तूवर खर्च व्हावयाचा हे जेथे ठरते, त्या जागेकडे पाठ फिरवून केवळ 'खर्च कमी करा' अशी घोषणा देत राहणे म्हणजे घराच्या दारावर पहारा ठेवून खिडक्या सताड उघड्या टाकण्यासारखे आहे. हे पहिले उत्तर.

दुसरे उत्तर अधिक जिव्हाळ्याचे आहे. सीमेवर उभा असलेला जवान कोणाचा मुलगा असतो? साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला लोक 'मिलिटरी अपशिंगे' म्हणतात. सातारा, सांगली, कोल्हापूरच्या कोरडवाहू पट्ट्यातील कितीतरी गावांची हीच कथा आहे. शेती पोट भरू शकत नाही म्हणून घरातला एक मुलगा पलटणीत जातो. त्याच्या हातातील रायफल ऐन वेळी अडली, किंवा त्याला मिळावयाचे चिलखती जाकीट दहा वर्षे कागदावरच राहिले, तर त्याची किंमत कोणत्याही मंत्र्याच्या वा कंत्राटदाराच्या घरात मोजली जात नाही. ती या गावांत मोजली जाते. म्हणून हा प्रश्न आपला आहे.

आता मूळ विषयाकडे वळू. शस्त्रखरेदी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे दलाली आणि घोटाळा येतो. बोफोर्सच्या तोफांचा करार मार्च १९८६ मध्ये झाला, १९८७ मध्ये त्यातील दलालीचे प्रकरण बाहेर आले, आणि मधु दंडवते यांच्यासारख्या संसदपटूंनी लोकसभेत ते लावून धरले. ते काम आवश्यकच होते. तथापि, त्या प्रकरणाने आपल्या विचाराला एक खोड लावली. पैसे कोणी खाल्ले, एवढेच आपण विचारू लागलो. मुळात ही वस्तू हवी असे कोणी ठरविले, ती अशीच हवी असे का ठरविले आणि ठरविताना तिच्या किमतीचा विचार कोणी केला होता का, हे प्रश्न आपण विचारीनासे झालो. माझे आजचे प्रतिपादन एवढेच आहे की शस्त्रखरेदीतील निर्णायक क्षण निविदा उघडण्याचा नसतो. तो त्याच्या कित्येक वर्षे आधी, 'आम्हाला अमुक गुणांची वस्तू हवी' असा कागद तयार होताना येऊन गेलेला असतो. आणि त्या वेळी लोकांचा प्रतिनिधी, वस्तू बनविणारा कामगार आणि ती वापरणारा शिपाई यांपैकी कोणीही तेथे उपस्थित नसतो.

हा कागद लष्करात 'जीएसक्यूआर' या नावाने ओळखला जातो. मराठीत आपण त्यास गुणात्मक आवश्यकता म्हणू. मुख्यालयातील संबंधित संचालनालय त्याचा मसुदा करते. तो निरनिराळ्या शाखांकडे, संरक्षण संशोधन व विकास संघटनेकडे आणि गुणवत्ता तपासणाऱ्या यंत्रणेकडे अभिप्रायासाठी फिरतो. मग एक समिती त्यावर शिक्कामोर्तब करते. पुढे मोठ्या खरेदीला संरक्षण मंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील परिषद 'गरज मान्य' असा निर्णय देते, आणि त्यानंतर निविदा, चाचण्या, वाटाघाटी असा प्रवास सुरू होतो. वरवर पाहता व्यवस्था निर्दोष दिसते. परंतु या फिरतीत प्रत्येक टेबलावर एखादी अट वाढते. कमी मात्र कोणी करीत नाही. कारण उघड आहे. अट वाढविणाऱ्याला कोणी जाब विचारीत नाही, आणि अट गाळणाऱ्याला उद्या युद्धात काही उणे पडले तर उत्तर द्यावे लागेल ही भीती असते.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने मला येथे पहिल्याच वर्षी शिकविला जाणारा एक भेद आठवतो. इच्छा आणि मागणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इच्छेमागे क्रयशक्ती उभी राहिली म्हणजे तिला मागणी म्हणतात. ज्या कागदावर वस्तूचे शंभर गुण लिहिलेले आहेत, परंतु तिच्यासाठी जास्तीत जास्त किती रुपये मोजावयाचे हे लिहिलेले नाही, तो कागद अर्थशास्त्राच्या दृष्टीने मागणीपत्र नसून इच्छापत्र आहे. इच्छेला मर्यादा नसते. शिवाय गुण आणि किंमत सरळ रेषेत वाढत नाहीत. पहिले ऐंशी टक्के गुण बेताच्या किमतीत मिळतात आणि अखेरच्या काही टक्क्यांसाठी किंमत भरमसाट वाढते, हे कोणताही अनुभवी कारागीर सांगेल. त्या अखेरच्या टक्क्यांची खरोखर गरज आहे काय, हा प्रश्न ज्या व्यवस्थेत कोणीच कोणाला विचारीत नाही, तेथे खर्च वाढणे आणि विलंब लागणे हे अपघात नसतात. ते त्या व्यवस्थेचे नैसर्गिक फळ असते.

उदाहरणे घेऊ. पहिले अर्जुन रणगाड्याचे. त्याची गुणात्मक आवश्यकता १९७२ साली ठरली आणि १९७४ साली १५ कोटी ५० लाख रुपयांच्या अंदाजाने प्रकल्प मंजूर झाला. पुढे ती आवश्यकता १९८०च्या दशकात पुन्हा पुन्हा बदलण्यात आली. तिचे सुधारित स्वरूप १९८५ साली निश्चित झाले. मूळ कल्पनेपेक्षा मोठी, १२० मिलिमीटरची तोफ आली. ती पुण्याच्या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेत तयार झाली, हा आपल्या तंत्रज्ञांचा पराक्रम खराच. चिलखत वाढले, त्याबरोबर वजन ५८ टनांवर गेले, आणि त्या वजनाला पुरे पडेल असे देशी इंजिन नसल्याने जर्मन इंजिन घ्यावे लागले. विकासाचा खर्च तीनशे कोटींच्या वर गेला. पहिले रणगाडे लष्कराच्या हाती आले ते २००४ साली. तोपर्यंत लष्कराने रशियाकडून ३१० टी-९० रणगाडे घेण्याचा करार २००१ मध्ये केलेला होता, आणि अर्जुनची मागणी १२४ वरच थांबलेली होती. २०१० मध्ये राजस्थानात दोन्ही रणगाड्यांची तुलनात्मक चाचणी झाली, तीत अर्जुनने आपली योग्यता दाखविली आणि आणखी १२४ रणगाड्यांची मागणी आली. म्हणजे वस्तू वाईट नव्हती. परंतु जिला तीस वर्षे लागतात आणि जी अडीचशेच्या संख्येत बनते, तिच्यावर कारखाना चालत नाही आणि सैन्यही उभे राहत नाही. यात संशोधकांचे दोष होते, हे मी नाकारीत नाही. परंतु घर बांधून होत असताना मालकाने दर पाच वर्षांनी आराखडा बदलावा आणि मग गवंड्याला आळशी म्हणावे, यात न्याय कोठे आहे?

दुसरे उदाहरण साध्या रायफलीचे. इन्सास ही देशी रायफल ५.५६ मिलिमीटरची. तिच्या तक्रारी कारगिलच्या वेळी, १९९९ साली, पुढे आल्या. तिच्या जागी नवी रायफल हवी म्हणून २०११ मध्ये ६५ हजारांहून अधिक रायफलींसाठी जागतिक निविदा काढण्यात आली. अट अशी होती की नळी बदलली की त्याच रायफलीतून दोन वेगवेगळ्या मापांच्या गोळ्या सुटाव्यात. कागदावर कल्पना मोठी आकर्षक. चाचण्या झाल्या, कोणतीही रायफल पसंतीस उतरली नाही आणि २०१५ मध्ये निविदा रद्द झाली. मग ७.६२ मिलिमीटरच्या लांब काडतुसाची रायफल हवी असे ठरले, आणि २०१९ मध्ये अमेरिकी बनावटीच्या ७२ हजार ४०० रायफली तातडीने घेण्यात आल्या. त्यानंतर डिसेंबर २०२१ मध्ये सहा लाखांहून अधिक एके-२०३ रायफलींचा करार झाला. त्यांचे काडतूस त्याच व्यासाचे, परंतु आखूड. एका दशकात एकाच प्रश्नाची इतकी निरनिराळी उत्तरे! प्रत्येक उत्तरामागे तज्ज्ञांचा काही युक्तिवाद असेलच. परंतु शिपायाने कोठे, किती अंतरावर आणि कोणत्या हवामानात लढावयाचे आहे, हे आधी ठरले असते, तर काडतुसाचे माप त्यातून आपोआप निघाले असते. येथे माप आधी ठरत गेले आणि काम मागाहून.

तिसरे उदाहरण अतिमहनीय व्यक्तींसाठी घ्यावयाच्या हेलिकॉप्टरांचे. महालेखापरीक्षकांच्या २०१३ च्या अहवालात त्याचा क्रम दिलेला आहे. प्रथम अट होती की हेलिकॉप्टर ६,००० मीटर उंचीवर उडाले पाहिजे. त्या अटीत एकच कंपनी बसत होती. एकाच विक्रेत्याशी सौदा होऊ नये, असे कारण देऊन ती अट ४,५०० मीटरवर आणण्यात आली आणि त्याच वेळी आतील कक्षाची उंची १.८ मीटर असलीच पाहिजे, अशी नवी अट आली. परिणाम असा झाला की पुन्हा एकच कंपनी उरली, फक्त निराळी. २०१० मध्ये बारा हेलिकॉप्टरांचा साडेतीन हजार कोटींहून अधिक रकमेचा करार झाला आणि जानेवारी २०१४ मध्ये तो रद्द करावा लागला. लाचलुचपतीच्या आरोपांतून संबंधित कंपनीचे अधिकारी इटलीच्या न्यायालयात २०१८ मध्ये सुटले. भारतातील खटल्याविषयी मी काही बोलणार नाही, तो न्यायालयाचा विषय आहे. मला दाखवावयाचे आहे ते इतकेच की कागदावरील एका आकड्याने बाजारातील सर्व स्पर्धा संपुष्टात येऊ शकते. अर्थशास्त्रात आपण मक्तेदारीची अनेक कारणे शिकवितो. ग्राहकाच्या स्वतःच्या लेखणीतून निर्माण होणारी मक्तेदारी त्यांत सहसा नसते. ती घालावयास हवी.

येथे कोणी म्हणेल की अधिकारी नालायक आहेत किंवा भ्रष्ट आहेत. मला हे निदान मान्य नाही. माणसे वाईट असती तर ती बदलून प्रश्न सुटला असता. दोष नियमांत आहे, आणि त्यातला एक नियम आपण नीट समजून घेतला पाहिजे. आपली खरेदी मुख्यतः 'पात्र ठरलेल्यांत सर्वांत स्वस्त' या तत्त्वावर चालते. पात्रतेची रेषा जो ओलांडील, त्यांपैकी ज्याची किंमत कमी त्याला काम. किमान पात्रतेपेक्षा थोडी सरस वस्तू देणाऱ्याला त्या सरसपणाचा काहीही लाभ नाही. हे ठाऊक असलेला अधिकारी काय करील? जे जे चांगले ते ते सर्व तो किमान पात्रतेच्या यादीतच कोंबील, कारण बाहेर राहिलेला गुण त्याला कधीच मिळणार नाही. त्यातही तो त्या जागेवर दोन-तीन वर्षांसाठी आलेला असतो. वस्तू येईपर्यंत त्याच्या जागी चार जण येऊन गेलेले असतात. त्याच्या हाताशी स्वतंत्र तांत्रिक माहिती नसते, असतात ती विक्रेत्यांची रंगीत माहितीपत्रके. एका कंपनीच्या पत्रकातून वेग, दुसरीच्या पत्रकातून पल्ला आणि तिसरीच्या पत्रकातून वजन असे उचलून जी वस्तू तयार होते, ती जगात कोणीच बनवीत नाही. २०१९ साली संसदेपुढे आलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालात हवाई दलाच्या खरेदीबद्दल हाच निष्कर्ष आहे. आवश्यकता नीट शब्दबद्ध न झाल्याने कोणताही विक्रेता त्या पूर्णतः पुऱ्या करू शकला नाही, आणि खरेदी चालू असताना त्या बदलण्यात आल्या. गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षण मंत्री असताना त्यांनी, यातील काही आवश्यकता चित्रकथांच्या पुस्तकांतून उचलल्यासारख्या वाटतात, असा टोला लगावला होता. त्यांच्या पक्षाशी आपले मतभेद आहेत आणि राहतील. परंतु अभियंत्याच्या नजरेने त्यांनी नेमके दुखणे ओळखले होते, हे मान्य करण्यात कमीपणा नाही.

या यादीत जवानाची साधी गरज कोठे बसते, तेही पाहा. १९९८ मध्ये संरक्षण मंत्री झालेले आपले जॉर्ज फर्नांडिस यांनी, सियाचीनमधील जवानांना हव्या असलेल्या हिमस्कूटरांची फाईल अडवून ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांना सियाचीनलाच जाऊन यावयास फर्मावले होते. ती गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. परंतु मंत्र्याचा संताप ही व्यवस्था होऊ शकत नाही. २०२० साली संसदेत मांडलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालात अतिउंचावरील जवानांच्या बर्फाच्या चष्म्यांचा तुटवडा ६२ ते ९८ टक्के इतका दाखविला आहे. मुखवटे, जाकिटे आणि झोपण्याच्या पिशव्या यांचे सुधारित नमुने उपलब्ध असताना जुन्याच नमुन्यांची खरेदी झाली, असेही त्यात म्हटले आहे. चिलखती जाकिटांना २००९ मध्ये तत्त्वतः मान्यता मिळाली. १ लाख ८६ हजार जाकिटांचा करार झाला तो २०१८ मध्ये. जेथे मोठ्या यंत्राच्या कागदावर अटींचा ढीग पडतो, तेथेच चष्मा आणि जाकीट यांच्या साध्या गरजेकडे पाहावयास कोणाला सवड नसते. चष्म्याला माहितीपत्रक नसते आणि त्याच्यासाठी खेटे घालणारा दलालही नसतो.

मग दुसरा मार्ग आहे काय? आहे, आणि तो आपल्या मुंबईतच पाहावयास मिळतो. नौदलाने फार पूर्वीपासून स्वतःचा आराखडा-विभाग पोसला. माझगाव गोदीत ब्रिटिश आराखड्यावरून बांधलेली 'निलगिरी' युद्धनौका जून १९७२ मध्ये नौदलात दाखल झाली. त्याच आराखड्यावर सहा नौका बांधताना दर वेळी थोडा थोडा बदल करण्यात आला. अखेरच्या दोन नौकांत, 'तारागिरी' आणि 'विंध्यगिरी' यांत, मोठे हेलिकॉप्टर ठेवण्याची सोय झाली. त्या अनुभवातून १९८३ मध्ये 'गोदावरी' आली, जिचा आराखडा आपला होता. पुढे १९९७ मध्ये 'दिल्ली', २०१४ मध्ये 'कोलकाता' आणि २०२१ मध्ये 'विशाखापट्टणम', सर्व त्याच गोदीतून. या प्रवासात विलंब झाला नाही किंवा खर्च वाढला नाही, असे मी म्हणत नाही. दोन्ही झाले आणि त्यावर लेखापरीक्षकांनी ताशेरेही ओढले. परंतु येथे गरज लिहिणारा, आराखडा काढणारा आणि पत्रा जोडणारा हे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर होते. पहिल्याच नौकेत सर्व काही हवे असा हट्ट कोणी धरला नाही. आज जे जमेल ते बांधा, समुद्रावर न्या, जे उणे दिसेल ते पुढच्या नौकेत भरून काढा, ही ती रीत. आपल्या सुतार-लोहारांचीही रीत हीच आहे.

अलीकडचे आणखी एक उदाहरण आशादायक आहे. लडाखमध्ये २०२० साली चिनी सैन्याशी संघर्ष उभा राहिल्यावर डोंगराळ मुलखासाठी हलक्या रणगाड्याची निकड भासली. तेव्हा २५ टनांची वजनमर्यादा प्रथम ठरली आणि बाकीचे गुण त्या मर्यादेत बसविण्यात आले. २०२४ च्या जुलैत 'झोरावर' या रणगाड्याचा नमुना लोकांपुढे आला. त्याचे अंतिम मूल्यमापन सैन्याने करावयाचे आहे, म्हणून आताच जयजयकार नको. परंतु मर्यादा आधी आणि इच्छा नंतर, असा क्रम लावला की कामाला वेग येतो, एवढे त्यातून दिसते.

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १ एप्रिल २०१६ पासून अमलात आलेल्या खरेदी-पद्धतीत अत्यावश्यक गुण आणि अधिकचे गुण अशी विभागणी झाली, आणि अधिकच्या गुणांना किमतीच्या तुलनेत काही श्रेय देण्याची सोय झाली. २०२० च्या पद्धतीतही पुढचे बदल झाले. बाहेरच्या जगातही हा प्रश्न पेटलेला आहे. अमेरिकेने आपल्या निरनिराळ्या सशस्त्र दलांच्या गरजा एकत्रितपणे ठरविण्यासाठी २००३ मध्ये उभारलेली व्यवस्था, ती फार संथ झाली म्हणून, ऑगस्ट २०२५ मध्ये मोडीत काढण्याचा आदेश तेथील संरक्षण खात्याने दिला. आपल्याकडील काही मंडळी याचा दाखला देऊन म्हणू लागतील की मंजुऱ्या काढून टाका, खाजगी उद्योगाला मोकळीक द्या, सर्व सुरळीत होईल. या सल्ल्यापासून आपण सावध राहिले पाहिजे. वेग हवा हे खरे. परंतु उत्तरदायित्वाशिवाय वेग म्हणजे गरज ठरविण्याचा अधिकार मुख्यालयाकडून विक्रेत्याकडे नेण्यासारखे आहे. ज्याला वस्तू विकावयाची आहे, त्यानेच गरजही सांगावी, ही तर बाजाराची सर्वांत जुनी लबाडी आहे.

दोन आक्षेपांचा विचार केला पाहिजे. पहिला, हा सैनिकी तज्ज्ञतेचा विषय आहे, त्यात संसदेने आणि पक्षांनी लुडबूड करू नये. मी म्हणेन की युद्ध कसे लढावे हा सेनापतीचा विषय आहे. कोणते युद्ध लढण्याची तयारी ठेवावयाची आणि त्यासाठी राष्ट्राच्या उत्पन्नातून किती द्यावयाचे, हा लोकशाहीत प्रजेचा विषय आहे. गरजेचा कागद या दोहोंच्या सीमेवर उभा असतो, म्हणून त्यावर दोघांचीही सही हवी. दुसरा आक्षेप गुप्ततेचा. शस्त्राचे तपशील शत्रूला कळू नयेत हे कोणीही मान्य करील. परंतु निविदा निघते तेव्हा तो तपशील जगभरच्या कंपन्यांच्या हाती पडतोच. जी गोष्ट परदेशी विक्रेत्याला सांगता येते, ती आपल्या खासदारांच्या समितीला बंद दाराआड सांगता येत नाही, हा युक्तिवाद मला तरी पटत नाही.

तेव्हा आपण कशाचा आग्रह धरावयाचा? मी पाच मागण्या आपल्यापुढे ठेवतो.

पहिली, गरजेच्या कागदावर काम लिहिले जावे, वस्तूचे वर्णन नव्हे. 'अमुक खोऱ्यात, अमुक थंडीत, अमुक अंतरावरचे लक्ष्य भेदावयाचे आहे' एवढे सैन्याने सांगावे. ते कसे साधावयाचे हे आराखडा काढणाऱ्यावर सोडावे.

दुसरी, त्याच कागदावर कमाल किंमत आणि कमाल मुदत लिहिली जावी. किंमत म्हणजे केवळ खरेदीची नव्हे. सुटे भाग, दुरुस्ती, दारूगोळा आणि प्रशिक्षण यांसह वस्तूच्या संपूर्ण आयुष्याची. मर्यादेत बसत नसेल तर गुण कमी करावेत किंवा अन्य कशातून पैसे काढावयाचे ते सांगावे.

तिसरी, पहिली आवृत्ती साधी आणि लवकर, सुधारणा पुढच्या टप्प्यांत, हा नियम व्हावा. अंतिम मंजुरीनंतर अट बदलावयाची असेल तर ती कोणी, का आणि किती खर्चाने बदलली, याची लेखी नोंद राहावी.

चौथी, कागद तयार होतानाच वस्तू वापरणारा जवान, आराखडा काढणारा तंत्रज्ञ, ती बनविणारा कामगार आणि खर्चाचा हिशेब जाणणारा माणूस एकत्र बसावेत, आणि त्या गटातील निदान मुख्य माणसे वस्तू हाती येईपर्यंत बदलू नयेत. सुभेदाराचा शब्द ब्रिगेडियरच्या शब्दाइतकाच तेथे ऐकला जावा, कारण चिखलात रायफल उघडून साफ करावयाची वेळ सुभेदाराच्या तुकडीवर येते.

पाचवी, मोठ्या प्रकल्पांचे कार्य-पत्रक, किंमत-मर्यादा आणि नंतरचे बदल यांचे निवेदन संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीपुढे दरवर्षी गोपनीय स्वरूपात ठेवले जावे. आज लोकलेखा समिती येते ती पैसे बुडाल्यावर. आणि अंदाजपत्रकातील संरक्षणाच्या मागण्या कित्येकदा चर्चेविनाच एकगठ्ठा मंजूर होतात. शवविच्छेदनाने कोणी रोगी बरा होत नाही.

चौथ्या मागणीविषयी दोन शब्द अधिक बोलतो, कारण ती आपल्या परंपरेशी जोडलेली आहे. खडकी, देहूरोड, अंबरनाथ, वरणगाव, भुसावळ, अंबाझरी, भंडारा आणि चांदा येथील आयुध कारखान्यांत हजारो कामगारांनी आयुष्ये घालविली. संरक्षण कामगारांच्या अखिल भारतीय महासंघाचे अध्यक्षपद आपल्या एस. एम. जोशींनी दीर्घकाळ सांभाळले. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित करून त्याच्या ४१ कारखान्यांच्या सात कंपन्या करण्यात आल्या. त्या निर्णयाला महासंघाने विरोध केला, आणि त्याच वर्षी या सेवांतील संपाला बंदी करणारा कायदाही झाला. कारण सांगण्यात आले ते कार्यक्षमतेचे. परंतु या कारखान्यांनी काय बनवावे, कोणत्या मापाचे, किती आणि किती वर्षे, हे त्यांनी कधीच ठरविले नव्हते. मागणी वर-खाली होत गेली, माप बदलत गेले, आणि दोष मात्र लेथवर उभ्या असलेल्या माणसाच्या पदरी आला. गरज ठरविण्याची पद्धत जशीच्या तशी ठेवून केवळ कारखान्याच्या दारावरची पाटी बदलल्याने वस्तू वेळेवर येणार नाही. वस्तू बनविताना कोणती अट निष्कारण महाग पडते, हे कामगाराला सर्वांच्या आधी कळते. त्याला विचारण्याची सोय करा, ही मागणी त्याच्या वेतनाच्या मागणीइतकीच मोलाची आहे. संघटनेने ती आपल्या मागणीपत्रात घालावी.

'स्वदेशी' या शब्दाविषयीही आपण भाबडे राहू नये. स्वदेशीची घोषणा आज सर्वच पक्ष देतात. परंतु गरज जर परदेशी माहितीपत्रकांवरून लिहिली जाणार असेल, तर देशी कारखाना त्या परीक्षेत नापास होणार आणि 'आता तातडी आहे' असे म्हणून आयात होणार, हे ठरलेलेच आहे. रायफलीच्या बाबतीत हे आपण पाहिले. तेजस विमानाचा प्रकल्प १९८३ मध्ये मंजूर झाला, त्याचे पहिले उड्डाण जानेवारी २००१ मध्ये झाले आणि २०१५ च्या अहवालात महालेखापरीक्षकांनी त्याला दिलेल्या ५३ सवलतींची नोंद केली. आरंभी सर्व काही मागावयाचे आणि अखेरीस सवलती देत बसावयाचे, यापेक्षा आरंभीच जमेल तेवढे मागून पुढे वाढत जाणे प्रामाणिकपणाचे नाही काय? खरी स्वदेशी कारखान्यात सुरू होत नाही. आपली गरज आपण आपल्या भूगोलावरून, आपल्या ऐपतीवरून आणि आपल्या माणसांच्या हातांवरून लिहितो, तेव्हा ती सुरू होते.

शेवटी पुन्हा पहिल्या शंकेकडे येतो. शांततेचा पुरस्कार आणि हा विषय यांत विरोध नाही. किंबहुना गरज कामाच्या भाषेत लिहावयास भाग पाडले की सरकारला आधी सांगावे लागते: कोणाशी, कोठे आणि कशासाठी लढण्याची ही तयारी आहे? हा प्रश्न स्वच्छ शब्दांत विचारला गेला म्हणजे कित्येक महागड्या इच्छा आपोआप गळून पडतील आणि कित्येक साध्या, दुर्लक्षित गरजा वर येतील. संरक्षणाचा खर्च कमी करण्याचा याहून शहाणा आणि जवानाच्या जिवाशी न खेळणारा मार्ग मला तरी दिसत नाही. आपल्या खासदारांनी या अधिवेशनात निदान एक प्रश्न विचारावा: गेल्या दहा वर्षांत किती निविदा केवळ आवश्यकता पुऱ्या होऊ शकल्या नाहीत म्हणून रद्द झाल्या, आणि त्या आवश्यकतांवर सह्या करणाऱ्यांपैकी कोणाला त्याचे कारण विचारण्यात आले? उत्तर मिळेपर्यंत तो प्रश्न सोडू नये.